डिसेंबरात इमॅजिका, तुम्ही येताय ना?

म्हापसा,
श्रावणातला शनिवार

प्रिय बायो,

डिसेंबरचा प्लॅन करतेय आणि तुला न विचारता तुम्हा सगळ्यांना त्यात धरलंय, म्हणून हे पत्र. फोनवर अर्धं बोलणं पोरांच्या आरड्याओरड्यात जातं आणि मला हे नीट सांगायचंय. खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कला जायचं ठरतंय. पोरं कधीची मागे लागलीत, शाळेतली कोणीतरी जाऊन आली की आमच्याकडे आठवडाभर तोच विषय. बंगळूरच्या वंडरलाचंही बघितलं होतं, वास्कोहून रात्रीची यशवंतपूर गाडी आहे, रिसॉर्टही पार्कमध्येच आहे, पण तिथे तू नाहीस आणि आईंचा पालीचा गणपतीही नाही. आईंनी सासरे आजारी असताना पालीला नवस बोलला होता, ते गेल्यावर विषयच निघाला नाही, आणि मग नकाशात बघते तर इमॅजिका खोपोली-पाली रस्त्यावरच! त्या क्षणी माझं ठरलं, पोरांची आणि आईंची ट्रिप एकच करायची.

आता तारीख ऐक, यावर मी खूप विचार केलाय. 3 डिसेंबरला आमच्याकडे जुन्या गोव्याचं फेस्त, म्हणजे सेंट झेवियरचा सण, सरकारी सुट्टी, शाळा बंद. यंदा तो गुरुवार आलाय. शुक्रवारची एक रजा टाकली की गुरुवार ते रविवार चार दिवस मोकळे, आणि महाराष्ट्रात ती सुट्टी नसते म्हणजे गुरुवार-शुक्रवार तुमच्याकडच्या लोकांचे कामाचे दिवस. दिवाळीच्या सुट्टीत किंवा नाताळात गेलो तर मुंबई-पुण्याचं सगळं जग तिथे असतं, एकेका राइडला तास तास उभं राहायचं आणि दिवसात चार-पाच राइड करून परतायचं, त्याला काय अर्थ आहे गो. एकच शंका आहे, डिसेंबरात शाळांच्या सहली सुरू होतात ना, तू शाळेत आहेस तर जरा अंदाज घे, तुमच्या आणि आजूबाजूच्या शाळा साधारण कुठल्या आठवड्यात काढतात. आणि हो, संकष्टी आधीच्या आठवड्यात होऊन जातेय, म्हणजे पालीला रांग बरी असेल, आणि मार्गशीर्षातले गुरुवार 10 तारखेपासून, तेव्हा आईंच्या उपासाचाही प्रश्न नाही. कॅलेंडर घेऊन बसले होते सगळं जुळवत.

गाडी घेऊन जायचं ह्यांचं म्हणणं होतं. इथून कोल्हापूर-पुण्यावरून पाचशे किलोमीटरच्या आसपास पडतं, हायवेने कोकणातून गेलं तर रस्त्याचा भरवसा नाही, आणि आईंना गुडघे वाकवून एवढा वेळ बसवणार नाही. मी ठाम सांगितलं, कोकण रेल्वेच. बुधवारी संध्याकाळी थिवीहून कोकणकन्या धरायची, रात्री झोपून जायचं, पहाटे पनवेल. वंदे भारतचाही विचार केला, पण ती रात्री पनवेलला टाकते, मग उगाच एका रात्रीचं हॉटेल. रिझर्व्हेशन आता साठ दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं एकशेवीस नाही, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सकाळी आठला बसायचं, आणि सुरुवातीला आधार जोडलेलं खातंच चालतं म्हणून ह्यांचं आत्ताच जोडून घेतलं. आईंची सिनियर सिटिझनची सवलत 2020 पासून गेलीच आहे, पूर्ण तिकीट. धाकटीला पाच वर्षं पूर्ण झालीत, वेगळा बर्थ नको म्हटलं तर अर्ध्या तिकिटात बसेल पण मी तिला पूर्ण काढून बर्थ घेणार, रात्रभर कोणाच्या तरी पायाशी झोपवली की दुसऱ्या दिवशी ती रडकी होते आणि मग सगळ्यांचाच दिवस जातो. बुकिंग नेमकं पितृपक्षात येतंय, आईंना भीत भीत विचारलं तर म्हणाल्या देवाच्या दर्शनाला जायचं तिकीट, त्याला कसला पक्ष. सुटले!

पहिला दिवस देवांचा आणि विश्रांतीचा. पनवेलहून गाडी करायची, वाटेत महडचा वरदविनायक, तिथे गाभाऱ्यात जाऊन स्वतःच्या हाताने पूजा करता येते, आणि नंदादीप 1892 पासून तेवतोय म्हणतात. मग तिथून पाली. आईंना बल्लाळेश्वराची गोष्ट तोंडपाठ आहे, भक्ताच्या नावाने ओळखला जाणारा अष्टविनायकातला हा एकच, आणि आधी मागच्या धुंडीविनायकाचं दर्शन घ्यायचं मग बल्लाळेश्वर, हेही त्यांनी मला आत्तापासून बजावून ठेवलंय. मला स्वतःला ती घंटा बघायचीय, वसईच्या लढाईनंतर चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून आणलेली. म्हापशात वाढलेल्या माणसाला पोर्तुगिजांची घंटा गणपतीच्या देवळात बघायची म्हणजे काय वाटेल तूच सांग. थोरल्याला ही गोष्ट सांगितली तर त्याने 1739 साल आपण होऊन सांगितलं, इतिहासाच्या पुस्तकात आहे म्हणे. पालीत जेवून दुपारी परत इमॅजिकाच्या हॉटेलवर, ते पार्कला अगदी लागून आहे, चालत जाता येतं. रूम दुपारीच मिळते, म्हणून सकाळ देवळांत घालवायची हेही त्यात बसतं. ऊन आहे तोवर पोरं स्विमिंग पूलमध्ये, मोठी माणसं खुर्चीत, आणि लवकर झोप.

राहायचं तिथेच, यावर मात्र मी अडून बसलेय. ह्यांच्या चुलतभावाचं पनवेलला घर आहे, ते प्रेमाने बोलावतायत आणि खर्चही वाचेल हे मला कळतं. पण सकाळी सगळ्यांच्या आंघोळी, त्यांच्याकडचा नाश्ता (नाही म्हणता येत नाही), मग गाडी, मग ट्रॅफिक, पार्कला पोचेस्तोवर बारा, आणि तीन वाजता आईंना पाठ टेकायची असली तर टेकवणार कुठे? रूम जवळ असली की धाकटी आणि आई दुपारी जाऊन झोपून येतील आणि संध्याकाळच्या परेडला ताज्या असतील. तेवढ्यासाठी मी दुसरीकडे पैसे वाचवीन, दिवाळीत कपडे नको म्हणीन.

शुक्रवार पूर्ण पार्कचा. फक्त पार्कचा, दुसरं काही नाही. वॉटर पार्कचं वेगळं तिकीट आहे, पोरं हट्ट करतील, पण डिसेंबरात खोपोलीला सकाळ-संध्याकाळ गार असतं, ओली पोरं कुडकुडत बसतील, ते मे महिन्याचं काम. स्नो पार्क एक वेळ करू, आमच्या पोरांनी बर्फ म्हणजे मासळीबाजारातलाच पाहिलाय.

राइडचं सांगते, कारण इथेच पोरांची मनं मोडतात. प्रत्येक मोठ्या राइडच्या तोंडाशी उंची मोजतात, कमी भरली की रडून उपयोग नाही, आणि ते बरोबरच आहे. म्हणून कोणाला काय मिळणार हे घरीच ठरवून सांगायचं, रांगेत अर्धा तास उभं राहिल्यावर नाही. नायट्रो म्हणून जो मोठा रोलर कोस्टर आहे त्याला पायाखाली फळीच नाही, पाय मोकळे लोंबकळतात, त्यात तुझी मोठी आणि भावजी जातील, माझी हिंमत नाही. डीप स्पेस अंधारातला आहे. आमच्या थोरल्याला सगळ्यात जास्त ओढ राजासॉरसची, होडीतून जायचं आणि डायनोसॉर अंगावर येतो, शेवटी चिंब भिजवतो. आणि माहितीये, राजासॉरस हा खराखुरा डायनोसॉर आहे, गुजरातेत त्याची हाडं सापडली आणि 2003 साली नाव दिलं, हे त्यानेच मला शिकवलं आणि आता ती मूर्ती कितपत खरी आहे हे तो तपासणार आहे. धाकटीला कॅरोसेल आणि छोट्या पोरांच्या राइड, त्यात ती दिवसभर रमेल. आईंसाठी आय फॉर इंडिया ठरवलंय, मोठ्या पडद्यासमोर बसून आपला देश विमानातून बघितल्यासारखा दिसतो. आई कधी विमानात बसलेल्या नाहीत गो. सासऱ्यांना त्यांना एकदा न्यायचं होतं. त्या पडद्यासमोर मी त्यांच्या शेजारीच बसणार, बाकी कोणी कुठेही असो.

आणि म्हणूनच तुम्ही हवे आहात. दोनच मोठी माणसं असली की एकाने थोरल्याबरोबर रांगेत राहायचं, दुसऱ्याने धाकटीला आणि आईंना बघायचं, मग आपण दोघांनी बरोबर काही बघितलंच नाही असा दिवस जातो, चार जणं असली की वाटून घेता येतं. तुझे आप्पा आणि आमच्या आई एका बाकावर बसून गप्पा मारतील, त्यांना पोरांपेक्षा एकमेकांची सोबत जास्त लागते हे मी गेल्या गणपतीच्या चवथीला बघितलंय. रांग टाळायचा जास्तीच्या पैशांचा पास मिळतो, पण शुक्रवारी मला तो लागेल असं वाटत नाही, पार्क काही भल्या पहाटे उघडत नाही, आपण मात्र उघडायच्या वेळी दारात असू आणि आधी मोठ्या राइड उरकू, दुपारी बसायच्या. तिकिटं ऑनलाइन आधीच काढायची. बाहेरचं खाणं आत चालत नाही, तेव्हा आप्पांच्या पथ्याचं काय ते तिथे फोन करून मी विचारून ठेवते.

तुला तर किती सोपं, डोंबिवलीहून थेट खोपोली लोकल. गुरुवारी शाळा करून संध्याकाळी आलीस तरी चालेल, शुक्रवारची रजा तेवढी टाक. शनिवारी सकाळी निवांत नाश्ता करून आम्ही सगळे तुझ्याकडे येतो, एक रात्र तुझ्या घरी, रविवारी सकाळी ठाण्याहून मांडवी पकडतो. ती मुद्दाम दिवसाची घेतेय, पोरांना बोगदे मोजायचेत, करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा आला की दोघं श्वास रोखून धरायची पैज लावतात. आणि मांडवीत खायला मिळतं ते तुला माहीतच आहे.

तुझ्यासाठी खाजं आणि सोलं आणतेय, अजून काय हवं ते कळव, सुके बांगडे म्हणालीस तर वेगळ्या डब्यात घट्ट बांधून आणीन. यंदा अधिक महिन्यामुळे चवथ उशिरा आहे, 14 सप्टेंबरला, तोवर भावजींशी बोलून काय ते सांग. तुझ्या धाकट्याची आत्ताची उंची पायातले बूट काढून मोज आणि मला पाठव, माझ्या यादीत त्याची जागा रिकामी ठेवलीय. आप्पांना नमस्कार, पोरांना पापे.

तुझीच,
म्हापशाची बाय