अक्का, आधी कापड तोलायला लावलंत म्हणून

ती. अक्का यांस,
सा. न. वि. वि.

पत्रात नाव घालायचं नाही ही तुमची अट पाळतो. सोलापूरच्या पूर्व भागात ‘अक्का’ अशी हाक मारली तर एका गल्लीत चार दारं उघडतील, तेव्हा काळजी नसावी. आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत. नोकरी सुटताना, बदलताना किंवा नव्या कामाचं शिक्षण चालू असताना शिवणाच्या आवडीतून दोन पैसे उभे करू पाहणारी माणसं तुमच्याकडे येतात आणि विचारतात, ‘मशीन कुठलं घेऊ?’ तुम्ही उलट विचारता, ‘कापड तोललं का?’ आमचं लाळेऱ्यांचं आणि बाळाच्या टॉवेलांचं काम तुमच्या या प्रश्नामुळेच टिकलं. तुम्ही काय काय शिकवलंत ते इथे आकड्यांसकट मांडतो, म्हणजे पुढच्याला तुमच्या दारी यायच्या आधी निम्मं कळलेलं असेल.

टेरीचे, म्हणजे टॉवेलच्या लूपवाल्या कापडाचे, कटपीस किलोवर मिळतात आणि लाळेरं नगावर विकलं जातं. या दोघांमधला हिशेब जीएसएमचा, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. कापडाचा ५० बाय ५० सेंटिमीटरचा चौकोन बेतायचा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायचा आणि आलेल्या वजनाला चाराने गुणायचं. १०० ग्रॅम भरलं तर कापड ४०० जीएसएमचं. किलोला अडीच चौरस मीटर. काठ, बॉर्डर, विणीतले दोष, धुण्यातलं आकसणं आणि बेतातली कतरण मिळून ३० टक्के गेले असं धरलं तर हाती पावणेदोन चौरस मीटर उरतं. २५ बाय ३५ सेंटिमीटरच्या लाळेऱ्याला ०.०८७५ चौरस मीटर लागतं, म्हणजे किलोत २० लाळेरी. तोच कटपीस ५०० जीएसएमचा निघाला तर १६. कापड हाताला जाड आणि गुबगुबीत लागलं की नवखा माणूस खूश होतो. तुम्ही तिथेच हात धरता.

जाड कापडाचा दुसरा तोटाही तुम्हीच दाखवलात. लाळेरं दिवसातून चारदा ओलं होतं. ५०० च्या वरचं कापड पावसाळ्यात दोरीवर लवकर वाळत नाही, कुबट वास धरतो आणि गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. लाळेऱ्याला ३५० ते ४००, अंघोळीनंतर बाळ गुंडाळायच्या टॉवेलाला ४०० ते ४५०, याच्या पलीकडे जायचं नाही.

खरेदीला उजेडात जायचं, ट्यूबलाइटखाली नाही. एकाच पोत्यात दोन लॉटचे तुकडे असतात आणि पांढऱ्यातही दोन पांढरे असतात, ते दिवसाच्या उजेडातच वेगळे दिसतात. मागाच्या तेलाचा डाग असलेला तुकडा बाळाच्या मालासाठी घ्यायचाच नाही. हातपुसणी किंवा पायपुसणीला तो चालतो, तेव्हा त्याचा ढीग वेगळा आणि भावही वेगळा. लूप ओढले गेलेले, मधे लूप नसलेली रेघ, ताणा तुटलेला, हे दोष कापताना चुकवता येतात. कापड ओलसर नाही ना, एवढं मात्र हाताने पाहायचंच. सूत हवेतली ओल पितं आणि काट्यावर पाण्याचेही पैसे मोजले जातात.

मग धुणं. ते कापायच्या आधी, हे तुमच्याकडून शंभरदा ऐकलंय. नवीन टेरीवर मऊपणासाठी सॉफ्टनर बसवलेला असतो. पाण्याचा एक थेंब टाकून बघायचं. तो मण्यासारखा वर उभा राहिला तर ते लाळेरं लाळ पिणार नाही, बाळाच्या गळ्यावरून ती खाली ओघळेल. कोमट पाण्यात साध्या साबणाने एकदोनदा धुतलं की थेंब लगेच आत जिरतो. त्याच धुण्यात कापड किती आकसतं तेही कळतं. मघाचा ५० सेंटिमीटरचा चौकोन धुऊन वाळवून मोजायचा. ४७ भरला तर ६ टक्के गेले. बॉर्डरची वीण लूपच्या भागापेक्षा वेगळी आकसते, म्हणून बॉर्डर मधे घेऊन बेतलेला नग पहिल्या धुण्यात लाटेसारखा वाकडा होतो. बॉर्डर काढून टाकायची आणि तिचे स्वयंपाकघरातले गरम भांडं धरायचे हातरुमाल करायचे.

आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, हे गणितात धरायला लागतं. तीन किलो टेरीला धुण्याला आणि दोनदा खळबळायला मिळून साधारण ९० लिटर पाणी लागतं. म्हणून पाण्याचा दिवस तो धुण्याचा दिवस, आणि शिवण मधल्या दिवसांत. मुंबई-पुण्याच्या कुणाला हे विचित्र वाटेल. इथे वेळापत्रक असंच बसतं.

रंगाचं एक सांगतो, कारण यात बरेच फसतात. गडद कटपीस कोमट पाण्यात अर्धा तास पांढऱ्या चिंधीबरोबर भिजवायचा. चिंधी रंगली तर त्यावर मीठ, तुरटी, व्हिनेगर यांनी ‘रंग पक्का’ होत नाही. कापडात न बसलेला जादा रंग सुटत असतो. तो गरम साबणाच्या पाण्यात पुन्हा पुन्हा धुऊन काढून टाकणं हाच उपाय, आणि तरी थांबला नाही तर तो तुकडा बाळाच्या मालातून बाद. लाळेरं बाळ चोखतं, एवढं कारण पुरे.

कापणीला पुठ्ठ्याचा नमुना. टेरी कात्रीखाली सरकतं, म्हणून एकावर एक थर न ठेवता एकेरी कापायचं आणि कापल्या दिवशीच कडेपासून ५ मिलिमीटरवर एक साधी शिलाई मारून घ्यायची किंवा ओव्हरलॉक करायचं. नाहीतर कडेचे लूप गळत राहतात आणि दोन दिवसांनी नमुन्यापेक्षा कापड लहान झालेलं असतं.

काठ दुमडून शिवायचा मोह सगळ्यांना होतो. टेरी दोनदा दुमडलं की तीन थर आणि कोपऱ्यावर त्याहून जास्त. घरगुती मशीन तिथे अडतं, सुई वाकते, टाका सुटतो. म्हणून सुती कापडाची उरेब पट्टी. रुंदी साडेचार सेंटिमीटर, ४५ अंशांत कापलेली, शिवून झाल्यावर एक सेंटिमीटर दिसणारी. एक मीटर लांब, एक मीटर रुंद कापडातून जोड धरून सुमारे २० मीटर पट्टी निघते. एका लाळेऱ्याला घेर आणि गळा मिळून पावणेदोन मीटर लागते, म्हणजे एवढ्या कापडात ११ लाळेरी. पट्टीचं कापडही आधी धुतलेलं हवं. टेरी धुतलं आणि पट्टी कोरी लावली तर पहिल्या धुण्यात पट्टी आकसते आणि लाळेऱ्याला चुण्या पडतात. गिऱ्हाईक तेव्हा शिलाईला नावं ठेवतं.

सुई एकेरी टेरीला १४ नंबर, दोन थर आले की १६. आठेक तास शिवण झालं की बदलायची. बोथट सुई आधी लूप ओढते, तुटते नंतर. धागा स्पन पॉलिएस्टरचा, कारण सुती धागा धुण्यात आखडतो. टाका मोठा ठेवायचा, ३ ते ३.५ मिलिमीटर. जुन्या काळ्या मशीनवर मिलिमीटर लिहिलेले नसतात, तिथे इंचात ७ ते ८ टाके मोजायचे. बारीक टाका लूपमध्ये बुडतो आणि उसवायची वेळ आली तर कापड फाटतं. मशीनच्या पायाचा दाब वरच्या स्क्रूने कमी करायचा. दाब जास्त असला की वरचा थर पुढे ढकलला जातो आणि शिलाईच्या शेवटी दोन कडा जुळत नाहीत. टाचण्या अजिबात नको. टेरीत शिरलेली टाचणी सापडत नाही आणि ती सापडते तेव्हा बाळाला सापडते. कपड्यांचे छोटे चिमटे दर ५ सेंटिमीटरवर लावायचे. बॉबिन बदलली की ब्रशने दात आणि डबी साफ. तोंडाने फुंकायचं नाही, फुंकरीतल्या ओलीने लोकर, म्हणजे कापडाचे गळालेले बारीक तंतू, आत चिकटते. तेल घातल्यावर आधी चिंधीवर मशीन चालवायचं, मग मालावर.

गळा मिटल्यावर घेर २८ ते ३० सेंटिमीटर. वेल्क्रो लावू नका असं तुम्ही म्हणता ते दिसायला जुनाट वाटतं, पण वेल्क्रो धुण्यात शेजारच्या लाळेऱ्याचे लूप ओढतो आणि स्वतः लोकरीने भरून निकामी होतो. टिचबटण बरं, दोन मापांसाठी अडीच सेंटिमीटर अंतरावर दोन. टिचबटण नुसत्या टेरीवर बसवलं तर उपटून येतं. मागे सुती कापडाचा दुहेरी तुकडा लावायचा आणि प्रत्येक बटण जोर लावून ओढून पाहायचं. सैल बटण बाळाच्या घशात जाऊ शकतं, म्हणून ही तपासणी दहातून एकाची चालत नाही, दहाच्या दहांची.

टोपीच्या टॉवेलाला ७५ सेंटिमीटरचा चौकोन आणि टोपीला २७ सेंटिमीटर बाजूचा काटकोनी त्रिकोण. त्रिकोणाच्या लांब कडेला आधी पट्टी, मग तो कोपऱ्यावर ठेवून चारही कोपरे बशी ठेवून गोल करायचे. गोल कोपऱ्यावरून उरेब पट्टी न थांबता फिरते, टोकाचा कोपरा मात्र दुमडत बसावा लागतो आणि तिथेच मशीन अडतं.

आता पैसे, ज्यासाठी हे पत्र मुळात लिहायला घेतलं. तुमच्या वहीतला तक्ता असा: समजा कटपीस २४० रुपये किलो, म्हणजे लाळेऱ्याला १२ रुपये. पट्टी ७, धागा-सुई २, टिचबटण ३, लेबल-पिशवी ६, पाणी-साबण-वीज ४. झाले ३४. छंदवाला माणूस इथे थांबतो आणि ८० रुपये किंमत लावून ४६ सुटले म्हणतो. तुम्ही घड्याळ लावायला लावता. धुणं, बेतणं, शिवणं, लोकर झाडणं, पिशवीत भरणं मिळून नगामागे २४ मिनिटं. तासाची मजुरी ९० रुपये धरली तर ३६. खरा खर्च ७०. दुकानदाराने ३० टक्के घेतले तर ८० मधले हाती ५६ येतात, म्हणजे दर नगामागे १४ रुपये खिशातून. किंमत १३० ठेवली तर दुकानाचे ३९ जाऊन ९१ उरतात आणि त्यातून २१ सुटतात. भाव बदलले की आकडे बदलतील, रकाने तेच राहतील. ‘आपली मजुरी कशाला धरायची, बसलेलीच असते की,’ या वाक्यावर तुम्ही जितक्या चिडता तितक्या वाकड्या शिलाईवरही चिडत नाही. बरोबर करता. नोकरी सोडायची की नाही हे ठरवायला तोच रकाना लागतो: मजुरी आणि सुटलेले पैसे मिळून महिन्याला किती, आणि सलग किती महिने.

नोकरीच्या बाजूचं तुम्ही थोडक्यात सांगता, तसंच सांगतो. नोटीस पिरियडमध्ये असाल तर नेमणूकपत्र वाचा, जोडधंद्याला मनाई असते की नाही ते त्यातच असतं. पीएफ काढून मशीन घेऊ नका. सलग नोकरी पाच वर्षांहून कमी असताना काढलेल्या पीएफवर कर लागतो, त्यापेक्षा नव्या नोकरीच्या खात्यात वळवा. ज्या वर्षी पगार आणि धंदा दोन्ही झाले त्या वर्षी ‘सहज’ म्हणजे आयटीआर-१ चालत नाही. अंदाजित उत्पन्नावर कर भरायचा तर ‘सुगम’, आयटीआर-४. त्यासाठी विक्रीचं बँक खातं वेगळं असलेलं बरं. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, तिचे पैसे मागणाऱ्याला नमस्कार करा.

आणि सोलापूरकरांनी जपावं असं एक. आपल्याला कलबुर्गी, विजयपूर, हैदराबाद शेजारी वाटतात, नातीही तिकडे असतात. पण करपात्र माल राज्याबाहेर विकला की उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी लागते. हस्तकलेच्या ठराविक वस्तूंना सवलत आहे, मशीनवर शिवलेलं लाळेरं त्यात धरून चालू नका. नोंदणी होईपर्यंत विक्री महाराष्ट्रातच ठेवायची.

लेबलचा मुद्दा तुम्ही अडवला नसता तर कुणाच्या लक्षातही आला नसता. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्ही नावांना भौगोलिक मानांकन आहे. कटपीस घेऊन शिवणाऱ्याने ते चिन्ह छापायचं नाही, तो हक्क नोंदलेल्या वापरकर्त्यांचा. ‘टेरी कापडाचं लाळेरं, सोलापुरात शिवलेलं’ एवढं लिहिलं तरी बाळंतविडा घेणारं गिऱ्हाईक हात लावून बघतंच.

गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या, यात्रेआधी बारशांच्या ऑर्डरी वाढतात, तेव्हा तुम्ही नव्या माणसाला वीस नगांहून मोठा लॉट घेऊ देत नाही. त्याचा राग येतो, तोही आज जाहीर करून टाकतो. पण वीसच्या लॉटमधली चूक वीसच नगांत अडकते हेही खरं.

तुमचे पुठ्ठ्याचे नमुने आम्ही उतरवून घेतलेत. सेंटिमीटर आणि इंच दोन्ही घातलेत, टिचबटणांच्या जागी भोकं पाडलीत. ज्याला हवेत त्याने न्यावेत, पैसे घ्यायचे नाहीत ही अट तुमच्यासारखीच ठेवली आहे. फक्त नेणाऱ्याला आधी विचारणार आहोत, कापड तोललं का.

मनापासून आभार, अक्का.

तुमच्या हाताखाली शिकलेले आम्ही सगळे
सोलापूर