प्लॉन्क!

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी तुम्ही विचारलंत, "मावशीच्या लेकाला त्या मुलीने घोस्ट केलं म्हणे, म्हणजे काय गं? भूत दाखवलं?" मी हसून विषय टाळला. आज नीट सांगते.

भूत दाखवलं नाही, तीच भुतासारखी गायब झाली. दोन महिने रोज बोलणं आणि एके दिवशी फोन नाही, उत्तर नाही, नकारसुद्धा नाही. 2017 साली अमेरिकेच्या मेरियम-वेबस्टर कोशाने हा अर्थ नोंदवला, एवढा तो रुळलाय.

मला मात्र त्याहून जुना शब्द आवडतो, प्लॉन्क. 1980 च्या सुमारास अमेरिकेतल्या विद्यापीठांचे संगणक जोडून यूजनेट सुरू झालं. तिथे लोक चर्चा करत आणि कचाकचा भांडत. 1984 मध्ये लॅरी वॉल यांनी ते वाचण्यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला, त्यात 'किल फाइल' होती. नको असलेला विषय किंवा माणूस तिच्यात टाकला की पुन्हा डोळ्यांसमोर येत नसे. पुढे कुणाचा वीट आला की त्याला उत्तर म्हणून एवढंच लिहायचे: प्लॉन्क! त्या फाइलच्या तळाशी तो आदळल्याचा आवाज. आडात कळशी निसटावी तसा.

म्हणजे आधी ऐकवायचं आणि मग दार लावायचं. आजीचा अबोला असाच होता ना? "आजपासून मी बोलणार नाही" हे ती आजोबांना ठणकावून सांगायची. मग माझ्यामार्फत निरोप: "त्यांना सांग, चहा गार होतोय."

आता सगळं मुकाट्याने. व्हॉट्सॲपने 2014 च्या नोव्हेंबरात त्या दोन खुणा निळ्या केल्या, तेव्हापासून वाचूनही गप्प बसलेला माणूस पकडला जातो. पोरं म्हणतात, 'सीनवर सोडलं.' बाबा, तुम्ही हे कुणी न शिकवता शिकलात. मंगळवारी तुमचा मेसेज: "निळं झालं. उत्तर नाही." तुमचा रिपोर्ट मी लोकलमध्ये उघडला होता, रात्री बोलू म्हटलं आणि राहून गेलं. चुकलंच.

ती निळी खूण बंद करता येते. केली नाही, कारण मग तुमचीही मला दिसली नसती. रात्री साडेअकराला टाकलेला मेसेज पहाटे पाचला निळा झाला की मला कळतं, तुम्ही उठलात.

आणि एक कबुली. घरच्या ग्रुपचा आवाज मी दिवाळीपासून बंद ठेवलाय. काकांची सुप्रभातची फुलं सोसेनात. तेव्हा बोलले नाही, म्हणून आत्ता रीतसर: प्लॉन्क! काकांना सांगू नका. तुम्हा दोघांचे मेसेज वाजतात.

आई, रिपोर्टचा फोटो पुन्हा काढून पाठव. साखरेच्या आकड्यावर बाबांचा अंगठा आलाय.

तुमची,
मनू