आम्ही एकोणतीस होतो: मंत्री महोदयांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपत्ती व्यवस्थापन ज्यांच्या खात्यात येतं, त्या तुम्हाला हे पत्र आहे. मी वैनगंगेकाठच्या एका खुर्द गावचा, रेल्वेतून निवृत्त झालेला गेटमन. सध्याचा मुक्काम दवाखान्यात, आईच्या खाटेशेजारी जमिनीवर. काल बाजूच्या पेशंटनं पेपर वाचायला दिला. त्यात बातमी होती: ‘अचूक समन्वयामुळे पुरात अडकलेल्या सर्व १९ नागरिकांची सुखरूप सुटका’. त्याखाली तुम्ही यंत्रणेचं केलेलं अभिनंदन. साहेब, आम्ही २९ होतो.

उरलेल्या दहांत मी होतो, माझी बायको होती, ८५ वर्षांची माझी माय होती आणि दीड वर्षाचं एक लेकरू होतं.

मागच्या मंगळवारी पहाटे पाणी धानाच्या बांध्यांतून चढत गावात आलं. आदल्या संध्याकाळी सूचना आली नव्हती असं मी म्हणणार नाही. आली होती, व्हॉट्सअ‍ॅपवर, शिक्क्याच्या कागदाचा फोटो: वरच्या धरणातून ५ हजार क्युमेक्स विसर्ग. गेल्या साली लाख-दीड लाखाचे आकडे आले होते, तेव्हा पाणी रपट्यावरूनच, म्हणजे गावाजवळच्या ठेंगण्या पुलावरूनच, परत गेलं होतं. पोट्टे म्हणाले, पाच हजारच तर आहे, झोपा बिनघोर. ते लाखाचे आकडे क्युसेकचे होते, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. हा क्युमेक्सचा, म्हणजे सेकंदाला तेवढे घनमीटर. एक क्युमेक म्हणजे ३५ क्युसेक. पाच हजार म्हणजे पावणेदोन लाख! गावातल्या एकाही माणसाला हा गुणाकार येत नव्हता आणि पाठवणाऱ्याला तो करून द्यावासा वाटला नाही. पाणी शाळेच्या कितव्या पायरीला लागेल एवढं एक वाक्य लिहिलं असतं, तर माझ्या दोन म्हशी आज दावणीला असत्या.

सकाळी नऊला आम्ही शाळेच्या स्लॅबवर. फोन मीच लावला. लाइन तुटत होती, खाली पाण्याचा आवाज. मी सांगितलं, एकोणतीस माणसं आहेत, शाळेवर आहेत, गाव खुर्द. पलीकडची बाई म्हणाली, ‘ठीक आहे, कळवते.’ फोन बंद.

हा ‘कळवते’ शब्द तुमच्या खात्याचा फार लाडका दिसतो.

आमच्या तालुक्यात आमच्या नावाची चार गावं आहेत. एक खुर्द, एक बुज. म्हणजे बुद्रुक, एक टोली आणि एक रिठी. रिठीत कोणी राहत नाही, ती फक्त नकाशात आहे. आधी बोटीची गाडी बुज.ला गेली. तिथले लोक ओट्यावर चहा पीत बसले होते म्हणे. त्यांनी जवानांनाही पाजला. तिथून फिरून आमच्याकडे पोचायला दुपारचे तीन वाजले. पहिल्या फेरीत दहा जण गेले, दुसऱ्या फेरीत नऊ. माय म्हणाली, पोरंसोरं असणाऱ्यांना आधी जाऊ द्या. आम्ही थांबलो. त्या लेकराचा बाप बायकोला ताप म्हणून थांबला, बोट परत येणारच होती ना. बोटीवरचा जवान भला माणूस, बाहेरचा, हिंदी बोलणारा. त्याच्या कागदावर ‘उन्नीस’ होतं. दुसऱ्या फेरीला काठावर त्यानं माणसं मोजली, उन्नीस झाली, वायरलेसवर ‘काम पूरा’ सांगितलं आणि बोट गाडीवर चढवून पुढच्या गावाला नेली. कोणी म्हणतं तालुक्याला तीन बोटी आहेत, कोणी म्हणतं चार, त्यातल्या दोन ठिगळाच्या. जवानाला मी दोष देत नाही. त्याला एकोणीस आणायला पाठवलं, त्यानं एकोणीस आणले.

काठावर उतरलेल्यांनी ओरडून सांगितलं की वर अजून माणसं आहेत. त्यांना उत्तर मिळालं, ‘यादी पूर्ण आहे.’

एकोणतीसचं एकोणीस कुठे झालं? फोनवर, तालुक्याला, की मराठीचं हिंदी करताना? उन्नीस आणि उनतीसही सख्खे भाऊच. सरकारच्या हिशेबात उन्नीस-बीसचा फरक चालत असेल, इथे उन्नीस-उनतीसचा पडला.

मी एकतीस वर्षं फाटकावर होतो. गाडी यायच्या आधी स्टेशन मास्तरचा फोन यायचा. मी फाटक लावून त्याला प्रायव्हेट नंबर द्यायचो, म्हणजे फाटक लागल्याची खूण म्हणून ठरलेला गुप्त आकडा. नंबर आधी पूर्ण सांगायचा, मग फोडून: ‘एकोणतीस, दोन नऊ.’ मास्तर तेच परत म्हणायचा: ‘एकोणतीस, दोन नऊ.’ दोघंही आपापल्या वहीत लिहायचो, त्यानंतरच फोन खाली. रात्री तीनला डोळे मिटत असले तरी हेच. मी दहावी नापास, मास्तर ग्रॅज्युएट, पण परत म्हणण्यात त्याला कधी कमीपणा वाटला नाही. याला पैसा लागत नाही, टेंडर लागत नाही. कदाचित म्हणूनच तुमच्याकडे ते होत नसावं.

नातवानं इथे दवाखान्यात मोबाइलवर मला दाखवलं. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. २०१० साली राष्ट्रीय प्राधिकरणानं जाडजूड मार्गदर्शिका काढली, घटनेच्या जागी हुकूम कोणाचा आणि कोणी कोणाला सांगायचं ते सगळं त्यात लिहिलं. कागद उत्तम आहे. २०२३ मध्ये चाचणी म्हणून सगळ्यांचे फोन एकाच वेळी बोंबलले होते, आठवतं? माझी माय दचकून तुळशीपाशी जाऊन बसली होती. चाचणीला बोंबलणारा फोन परवाच्या रात्री मात्र मुका.

ही पहिली वेळ असती तर मी लिहिलंही नसतं. ऑगस्ट २०२० च्या शेवटी मध्य प्रदेशातल्या, वैनगंगेवरच्याच संजय सरोवर धरणाचं पाणी आलं, भंडारा शहर बुडालं, खाली गडचिरोलीपर्यंत हाहाकार झाला. दोन राज्यांत निरोप नीट गेला की नाही यावर भांडण चाललं. तेव्हा तुमच्या आधीचे एक मंत्री आमच्या रपट्यावर उभे राहून सांगून गेले होते की या गावाला बोट देऊ, भोंगा देऊ. मी तीन अर्ज केले. एकाचं उत्तर आलं: ‘संबंधितांना कळविण्यात आले आहे.’ ते संबंधित कोण, एकदा त्यांचं तोंड पाहायची इच्छा आहे.

आणि आता राहवत नाही म्हणून बोलतो. आमच्याच वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ ला झाली. ३७२ कोटींचं काम अठरा हजार कोटींच्या पुढे गेलं. मुंबईत हे वाढीव आकडे बरोबर ऐकू जातात, एका शून्याची चूक होत नाही. माणसांचा आकडा मात्र दहानं कमी ऐकू येतो. हिवाळ्यात नागपूरला अधिवेशनाला येता, संत्री खाता, विदर्भाच्या नावानं गळा काढता. नागपूर जिल्ह्यातल्या मोवाडला ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीनं दोनशेवर माणसं नेली. तेव्हापासून आम्ही तेच ऐकतो आहोत, यंत्रणा सज्ज आहे.

त्या रात्री पाऊस थांबला नाही. मायच्या बीपीच्या गोळ्या खाली घरात, पाण्यात. तिला प्लास्टिकच्या पोत्यात गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. अर्ध्या रात्री ती म्हणाली, ‘काहून बापा, आपुन मोजनीत नाय का?’ त्यानंतर ती नीट बोललेली नाही. डॉक्टर म्हणतात छातीत कफ भरलाय, वाट पाहा.

पहाटे मच्छीमार सोसायटीची दोन पोट्टी डोंगा घेऊन आली. अंधारात त्यांनी लांबूनच आवाज दिला, किती जण? ऐकू जाईना, म्हणून मी बॅटरी दहा वेळा उघडझाप केली. पलीकडून त्यांचीही बॅटरी दहा वेळा लुकलुकली. मी मोजलं. मग ते निघाले. त्यांचा ना पेपरात फोटो, ना डोंग्याच्या फुटलेल्या फळीचे पैसे. ते पैसे तेवढे द्या. म्हशी, रोवणी, घर यांचे पंचनामे व्हायचे तेव्हा होतील, मी त्या रांगेत आहेच.

या पत्राची पोच पाठवा. ‘मिळाले’ किंवा ‘संबंधितांना कळविले’ एवढंच लिहिलेली पोच मी घेणार नाही. आम्ही स्लॅबवर किती माणसं होतो तो आकडा त्यात तुमच्या हातानं लिहा, अंकी आणि अक्षरी.

आपला,
एकोणतिसांपैकी एक