पेपर सगळ्यांना एकच असतो, पण…

लातूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, “डॉक्टरकीच्या प्रवेशासाठीच्या ‘नीट’ परीक्षेचा पेपर सगळ्यांना एकच असतो, मग अन्याय कुठे आला?” घाईत उत्तर द्यायचं नव्हतं, म्हणून लिहितोय.

तुझ्या लेकानं घेतलेली मेहनत मी जवळून पाहिलीय. पण त्याला इथे रूम होती, मेस होती, क्लास होता. पहिल्या खेपेला गुण कमी पडले तेव्हा रिपीट करायला अख्खं वर्ष मिळालं. ते वर्षच सगळ्यात महाग असतं रे! माझ्या बारावीच्या वर्गातली एक मुलगी जीवशास्त्रात त्याच्याइतकीच तयार होती. आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, मागे घर आणि धाकटा भाऊ तिच्यावर. परीक्षा एकदाच दिली. निकालानंतर म्हणाली, “सर, माझंच डोकं कमी पडलं.”

मला हे फार लागलं. ‘मेहनत करणाऱ्याला यश मिळतंच’ असं शाळाशाळांच्या भिंतींवर लिहिलेलं असतं. ज्याला यश मिळत नाही, ते पोर त्यातून स्वतःचा दोष काढतं. क्लासची फी, घरची कामं, आईवडिलांचं शिक्षण यांचा हिशेब त्या वाक्यात कुठेच नसतो. आणि ज्याला मिळतं, त्याला सगळं आपल्याच कर्तृत्वाचं वाटतं.

जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे हाच हिशेब मांडला होता. सरकारी महसूल येतो रयतेच्या कष्टातून आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गांवर, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली. आणि आता जानेवारी 2022 मध्ये नीटमधल्या ओबीसी आरक्षणाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयही म्हणालं, की काही वर्गांना मिळालेले सामाजिक, आर्थिक, सांस्कृतिक फायदे स्पर्धा परीक्षेत दिसत नाहीत. मधे एकशे चाळीस वर्षं गेली!

अभ्यास करू नका, असं मी मुलांना कधीच सांगणार नाही. दारं गुणांनीच उघडतात. पण त्या मुलीला आपण ‘ढ’ आहोत असं वाटून तिनं पुस्तकं मिटावीत, हे मला सहन होत नाही.

तुझ्या लेकाची पुस्तकं तर पाठवच. शिवाय त्याला तिच्याशी एकदा बोलायला सांग. रिपीटच्या वर्षात किती पैसे लागले, घरी कोणी काय सोसलं, सगळं खरंखरं सांगू दे. माझ्यापेक्षा त्याचं ती ऐकेल.

तुझाच,
दोस्त