विंगेत कोणीच नव्हते

नाशिक,
रविवार, ४ जानेवारी २०२६

प्रिय मधू,
सप्रेम नमस्कार.

तुझे दिवाळीतले पत्र अडीच महिने माझ्या टेबलावर पडून आहे आणि त्यावर चहाच्या कपाचे एक वर्तुळही उमटले आहे, हे आधीच कबूल करतो, म्हणजे रागावण्याचे तुझे निम्मे काम हलके होईल. निवृत्तीच्या कागदपत्रांची सबब सांगणार होतो, परंतु ते कागद नोव्हेंबरातच पुरे झाले होते. प्रकृती ठीक आहे. रक्तदाबाची गोळी चालू आहे, शैलाची कंबर थंडीत दुखते तशी दुखते. थंडी मात्र यंदा कडक आहे. माझा निफाडचा मेहुणा द्राक्षबागेत शेकोट्या पेटवून रात्रभर जागतो आणि पहाटे फोन करून पाऱ्याचा आकडा अशा सुरात सांगतो, की जणू तो मीच खाली ओढला आहे.

पत्र लिहायला बसलो ते मात्र वेगळ्याच कारणाने. ३१ डिसेंबरला रात्री, पाऊणशे माणसांसमोर, मी ब्लँक झालो. हे दुसऱ्या कोणाला सांगितले तर तो हसेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे मला धीर देईल. तू या दोन्हींपैकी काही करणार नाहीस, फक्त कोणत्या वाक्याला अडलो एवढेच विचारशील, आणि तेच सांगायचे आहे.

त्या दिवशी दुपारी बँकेच्या शाखेत निरोपसमारंभ झाला. शाल, श्रीफळ, माझ्याविषयी मलाच ठाऊक नसलेले चार गुण, आणि शेवटी समोसे. पस्तीस वर्षे ज्या काउंटरच्या आत बसलो त्याच्या बाहेरच्या बाजूला मला खुर्ची दिली होती, आणि तिथून आपली शाखा किती लहान दिसते हे मी पहिल्यांदा पाहिले. संध्याकाळी आमच्या गंगापूर रोडच्या इमारतीच्या गच्चीवर वर्षअखेरीचा कार्यक्रम होता. मुलांची नाचगाणी झाली, हाऊजी झाली, पावभाजीच्या रांगेत दोन घरांचे जुने भांडण पुन्हा ताजे झाले, आणि मग सेक्रेटरीने माइक माझ्या हातात देऊन जाहीर केले की काका आजच निवृत्त झाले आहेत, काका पूर्वी नाटकात होते, आता काका काहीतरी करून दाखवतील.

नाटकात होतो! मधू, मी नाटकात कोठे होतो हे तुला माहीत आहे. मी विंगेत होतो, मांडीवर वही आणि हातात पेन्सिल-टॉर्च घेऊन. रंगमंचावर माझे पाऊल पडले असेल तर ते फक्त मध्यंतरात टेबल हलवायला. पण कशी कोण जाणे, लहर आली, आणि मी तुझे दुसऱ्या अंकातले स्वगत सुरू केले. अठ्ठ्याऐंशी साली त्याच्या इतक्या तालमी ऐकल्या आहेत की ते मला पाढ्यासारखे पाठ आहे, असे मी परवापर्यंत समजत होतो. सुरुवात उत्तम झाली. पोरे गप्प झाली, पावभाजीचा कालथासुद्धा थांबला. "मी दार उघडं ठेवलं होतं" इथपर्यंत मी आलो, आणि पुढे काहीच नाही. शब्द आठवत नाही असे नव्हे. तिथे पुढे काही असते हेच नाहीसे झाले. डावीकडे पाहिले. डावीकडे पाण्याची टाकी होती. विंगेत कोणीच नव्हते, कारण विंगेत बसणारा माणूस माइक धरून उभा होता.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग पुढचे वाक्य आपोआप तोंडात आले, "म्हणून मी माझ्याच घरात पाहुण्यासारखा राहतो", आणि तिथून शेवटापर्यंत मी न अडखळता गेलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी खाली उतरताना शैलाला सांगितले की त्या एका ठिकाणी काकांनी जो पॉज घेतला त्याने अंगावर काटा आला. शैला हसली. मी रात्री दोनपर्यंत जागा होतो. बाहेर फटाके वाजत होते आणि सगळे गाव नवीन वर्षाला शुभेच्छा देत होते.

तुझ्या लक्षात आले असेलच. बरोबर तेच वाक्य. परशुराम सायखेडकर नाट्यगृहात राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत तू जिथे थांबलास, तिथेच, एका अक्षराचाही फरक न होता. त्या थांबण्यानंतर तू दीड पान ओलांडून एकदम शेवटावर उडी मारलीस, आणि बिचारा शरद दाढीमिशा लावून, हातात कंदील घेऊन, त्या प्रयोगात येण्याचा राहून गेला तो राहूनच गेला. त्याच्या आईने सटाण्याहून येऊन पहिल्या रांगेत बसून मुलाची वाट पाहिली होती. अंतिम फेरी हुकली ती तुझ्यामुळे की माझ्यामुळे, यावर आपण दोघांनी सदतीस वर्षांत जेवढे शब्द खर्च केले तेवढ्यात आणखी दोन नाटके झाली असती. तुझे म्हणणे, मी चहा प्यायला बाहेर गेलो होतो. माझे म्हणणे, मी दोनदा शब्द दिला आणि तुला ऐकू आला नाही.

आता खरे सांगतो. मी विंगेतच होतो, पण मी शब्द दिलाच नाही. माझी नजर वहीवर नव्हती. तू त्या रात्री असा काही बोलत होतास की मी टॉर्च विझवून तुझ्याकडे पाहत बसलो होतो. पाठच आहे, वही कशाला, असा माज होता. तू थांबलास तेव्हा पान चाळायला घेतले आणि अंधारात मला पान सापडले नाही, आणि पाठ असलेले वाक्यही आठवले नाही. म्हणजे त्या रात्री तू एकटा ब्लँक झाला नव्हतास. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवे होते. पण तो काळ कसा होता आठव. तात्यासाहेब शिरवाडकरांना सत्त्याऐंशीचे ज्ञानपीठ मिळालेले, कानेटकर याच गावातले, आणि नाशिकमधला प्रत्येक दुसरा माणूस स्वतःला नाटककार समजत होता, त्यात तू तर खरोखरच नाटक लिहिलेले. तुझ्यासमोर चूक कबूल करणे मला जमण्यासारखे नव्हते.

एवढेच असते तर मी हे पत्र हसत लिहिले असते. पण मला माई आठवते. तिचेही असेच लहान गोष्टीपासून सुरू झाले होते. तिवंध्याच्या वाड्यातून तिला इथे चौथ्या मजल्यावर आणले, आणि पाऊस पडू लागला की ती विचारायची, "मारुतीच्या कुठवर आलं रे पाणी?" एकोणसत्तरचा पूर पाहिलेल्या बाईने गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीची चौकशी करावी यात कोणाला काय वाटणार? आम्ही म्हणायचो, कमरेपर्यंत. मग एकदा तिने तेच एप्रिलमध्ये विचारले, नळाचे पाणी बादलीत पडत असताना. डॉक्टरांनी तिला कागदावर घड्याळ काढायला सांगितले, तेव्हा तिने वर्तुळ सुरेख गोल काढले आणि बाराही आकडे उजव्या बाजूला दाटीवाटीने बसवले. डावी बाजू मोकळी. तो कागद मी अजून फेकलेला नाही. तू तिच्या तेराव्याला आला होतास तेव्हा तुला दाखवणार होतो, आणि मग आपण भलत्याच कशावर तरी बोलत राहिलो.

तेव्हा गेले चार दिवस मी स्वतःची परीक्षा घेतो आहे. एक तारखेला सकाळी चोरून घड्याळ काढले. आकडे जागच्या जागी बसले. मग दुधाच्या हिशेबाच्या वहीत तारीख घातली ती २०२५ ची, आणि पोटात गोळा आला. नंतर आठवले की पस्तीस वर्षे प्रत्येक जानेवारीत मी लोकांचे चेक याच कारणासाठी परत करत आलो आहे; मागच्या जानेवारीची तारीख घालून लोक काउंटरवर येत आणि मी त्यांना, अहो, हा चेक केव्हाच शिळा झाला, असे काहीशा तोऱ्यात ऐकवत असे. त्या सगळ्यांची मी मनोमन क्षमा मागितली आहे.

काल रात्री तुझ्या लाइनीची स्टेशने म्हणून पाहिली. तू घोटीहून पॅसेंजरने कॉलेजला यायचास तेव्हाची, नाशिक रोडपासून उलटी: देवळाली, लहवित, पाडळी, घोटी, इगतपुरी. मी समाधानाने कूस बदलली, तोच अंधारातून शैलाचा आवाज आला, "अस्वली राहिलं." बघ, मधू, चाळीस वर्षे मी दुसऱ्यांना शब्द दिले आणि आता मला शब्द द्यायला घरातच माणूस बसले आहे, तेही वही न पाहता देणारे.

एक्क्याण्णवच्या सिंहस्थात आपण दोघे हरवले-सापडलेच्या मंडपात बसलो होतो, ते आठवते? ती म्हातारी, जिला स्वतःचे गाव सांगता येत नव्हते, पण पाचही सुनांची नावे, त्यांच्या माहेरांसकट, घडाघडा सांगत होती. आपण किती हसलो होतो. तू माइकवर "पाच सुनांच्या सासूबाई इथे बसल्या आहेत" अशी घोषणा केलीस आणि खरोखरच तिचा मुलगा धावत आला. आता पुढच्या वर्षी, २०२७ ला, पुन्हा सिंहस्थ आहे. त्याच्या तयारीसाठी सगळे गाव खणून ठेवले आहे आणि रोजच्या रस्त्यानेसुद्धा मी वाट चुकतो, पण त्याबद्दल निदान मला स्वतःवर संशय घ्यावा लागत नाही.

मुलगी पुण्याहून फोनवर म्हणते, बाबा, आता वेळच वेळ आहे, मोबाइलवर नाटके बघा. तिने मला ते सगळे लावून दिले आहे. बघतो, पण मन लागत नाही. तिसरी घंटा नाही, दिवे मंद होताना होणारी ती खोकण्याची शेवटची घाई नाही, आणि मुख्य म्हणजे पडद्यावरचा नट कधी चुकतच नाही, मग मी कशासाठी बसायचे? मागच्या महिन्यात कालिदासमध्ये तिकीट काढून गेलो होतो, तर मध्यंतरात शेजारच्या बाईंनी अत्यंत सौम्य शब्दांत सांगितले की तुमचे ओठ सारखे हलतात, त्याने आमचे लक्ष विचलित होते. मी ते नाटक त्याआधी एकदाच पाहिले होते! मला त्या वेळी संकोचापेक्षा अभिमान वाटला. आता त्याच ओठांचा भरवसा वाटत नाही, ही गंमत म्हणायची की काय, ते तू ठरव.

तुझ्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचे शरदकडून कळले. जिने चढू नकोस, आणि कोणी व्यायाम सांगितला असेल तर तो कर. तू करणार नाहीस हे ठाऊक आहे. वहिनींना नमस्कार. धाकट्याचे लग्न ठरले हे वाचून आनंद झाला. तारीख कळव, दोघेही येऊ.

आता मूळ गोष्ट. परवा मी माईच्या लोखंडी पेटीतून ती वही काढली. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची, पहिल्या पानावर तू काढलेले माझे ते अत्यंत वाईट चित्र. स्वगताचे पान उघडले. "मी दार उघडं ठेवलं होतं." त्याखाली एक अख्खी ओळ लाल शाईने खोडलेली आहे, दोनदा, आडवी गच्च. आणि त्याखाली "म्हणून मी माझ्याच घरात पाहुण्यासारखा राहतो." म्हणजे तिथे वाक्यच नव्हते, मधू! तू प्रयोगात जे शोधत उभा राहिलास आणि मी अंधारात जे चाळत होतो, ते आदल्या दिवशीच कापलेले होते. दार उघडे ठेवले "म्हणून" पाहुण्यासारखा राहतो, याला काही अर्थ आहे का? मधला दुवा गेला, आणि त्या खड्ड्यात आधी तू पडलास, सदतीस वर्षांनी मी पडलो. इतकी वर्षे आपण एकमेकांना दोष दिला तो एका नसलेल्या ओळीसाठी.

मला हायसे वाटले, जवळजवळ अर्धा तास. मग मी ती खोड नीट पाहिली. लाल शाई माझी आहे; तेव्हा नाटकमंडळीत लाल पेन मीच बाळगत असे. समासात "कट, ना." असे लिहिले आहे, ते अक्षरही माझेच. आणि ही ओळ मी खोडल्याचे मला काडीचेही आठवत नाही. नानांनी सांगितले असेल, त्या "ना." चा अर्थ तोच असावा, पण नाना काय म्हणाले, तू तिथे होतास का, तू भांडलास का, काहीच नाही. तू स्वतःची ओळ कापू दिलीस, न भांडता? हे तर मला मुळीच पटत नाही.

वही खिडकीशी उन्हात धरली तेव्हा शाईखालचे तीन शब्द लागले: "कडी", मग बरेच पुढे "आतून", आणि शेवटी "होती" किंवा "होतो". शैला भिंग घेऊन बसली होती, तिला "होतो" वाटते. मला "होती" वाटते. तू लिहिले आहेस, तुला तरी आठवत असेल. फोन करू नकोस, फोनवर तू घाईघाईने काहीतरी नवीनच रचून सांगशील. कागदावर लिहून पाठव, पूर्ण ओळ, आणि ती कोणी खोडायला लावली तेही.

तुझा,
विजू

ता. क. शरदला यातले काही सांगू नकोस. कंदील अजून त्याच्याकडेच आहे.