लाईनखालून चालायला शिकवणाऱ्या वायरमन काकांना

काका,

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल, मी तिला तसं सांगून ठेवलंय, कारण मोतीबिंदूच्या ऑपरेशनला अजून पंधरा दिवस पण झाले नाहीत आणि तुम्ही लगेच मोबाईल डोळ्यासमोर धरून बसाल हे मला माहितीये. नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय म्हणून लिहीत नाही, गावाचं पण नाही. पण सगळ्यांसमोर लिहितेय ते मुद्दाम. आमच्याकडे रिपोर्टच्या शेवटी आभार मानतात ते फंड देणाऱ्यांचे, तज्ज्ञांचे, अधिकाऱ्यांचे, आणि ज्या माणसाने उन्हातून फिरवून सगळं शिकवलं तो "स्थानिक रहिवासी" या दोन शब्दांत उरकतात. आमच्याही रिपोर्टमध्ये तसंच झालं. ते छापून आल्यापासून मला सलतंय.

बाकी जे वाचतायत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी पुण्यातल्या एका निसर्ग संवर्धन संस्थेत क्लीन एनर्जीच्या पॉलिसीचं काम बघते. सोलर, पवनचक्क्या आणि त्यांच्या लाईन कुठून जाणार, त्याला नियम काय, सरकारी मसुद्यांवर सूचना-हरकती पाठवायच्या, वीज नियामक आयोगाच्या सुनावणीत बोलायचं, ग्रामसभेत बसायचं, असं सगळं. पक्षी-प्राणी वाचवणारी संस्था म्हणजे सोलरला विरोध करणार असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं अजिबात नाहीये. कोळसा कमी व्हायलाच पाहिजे आणि सोलर वाढायलाच पाहिजे, आमचं म्हणणं एवढंच की ते कुठे उभं करायचं ते बघून करा. आणि काका म्हणजे सोलापूर जिल्ह्यातले एक रिटायर्ड वायरमन, १९८६ ते २०१७ अशी ३१ वर्षं खांबावर काढलेली.

काका, मी पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या बॅगेत तयार नोट होती. तेव्हा आमच्या क्षेत्रात सगळीकडे माळढोकाच्या केसचीच चर्चा होती. सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२१ मध्ये राजस्थान आणि गुजरातमधल्या माळढोकाच्या पट्ट्यात विजेच्या तारा जमिनीखालून घ्या असा आदेश दिला होता. कारण पण तसंच होतं, भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज होता की थरच्या वाळवंटात वर्षाला साधारण १८ माळढोक तारांना धडकून मरतात, आणि देशात उरलेत ते जेमतेम दीडशेच्या आसपास. वर्षाला एखादंच अंडं घालणारा पक्षी, डोळे डोक्याच्या बाजूला म्हणून नाकासमोरचं नीट दिसत नाही, आणि पंधरा किलोपर्यंत वजन म्हणजे ऐनवेळी वळता पण येत नाही. तुमच्याकडे तर हे सांगायची गरजच नव्हती, तुम्ही नान्नजच्या माळढोक अभयारण्यात माळावर माळढोक नाचताना बघितलेले आहेत, मी फक्त फोटोत. तर माझ्या नोटमध्ये लिहिलं होतं की सोलापुरातल्या माळरानांवरच्या पण सगळ्या लाईन खाली घ्या. सगळ्या.

तुम्ही ते शांतपणे ऐकून घेतलंत, चहा संपवलात आणि म्हणालात, "ताई, तार जमिनीत घाला म्हणता, पण खाली फॉल्ट झाला तर हुडकायचा कुणी? वर तुटली तर लांबनं दिसती. खाली कुठं म्हणून खणायचं, अन् तोवर त्या लाईनवरच्या लोकांनी अंधारात बसायचं का?" मग म्हणालात, चला, दाखवतो. आणि त्या दिवशी आपण अकरा केव्हीच्या लाईनखालून सात किलोमीटर चाललो. मी आजवर शेकडो लाईन बघितल्या असतील, गाडीच्या काचेतून, पण खालून चालत एकही बघितली नव्हती. (२०२४ च्या मार्चमध्ये कोर्टाने पण तो आदेश बदलला, ९९ हजार चौरस किलोमीटरवर सरसकट जमिनीखालून तारा नेणं शक्य नाही म्हणून तज्ज्ञांची समिती नेमली, आणि त्याच निकालात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण मिळणं हा नागरिकांचा हक्क आहे असंही म्हटलं. तो निकाल वाचताना मला तुमचं खणण्याचं बोलणं आठवत होतं.)

त्या चालण्यातच ते घुबड सापडलं. ओढ्याच्या अलीकडचा डीपी, खाली तरवडाच्या झुडपात पडलेलं, शृंगी घुबड. तुम्ही काठीने पंख उघडून दाखवलात, टोकाची दोन पिसं जळून आत वळलेली, पायाच्या नखाजवळ हरभऱ्याएवढा काळा डाग, आणि डोळे उघडेच, अजून नारिंगी. मी धडक बसून मेलं असेल म्हणाले. तुम्ही मान हलवलीत. धडकून मेलेल्याचं हाड मोडतं, हे शॉक लागून गेलंय, एका तारेवर बसलं असतं तर काही झालं नसतं, पण पाय खांबाच्या लोखंडी आर्मवर आणि पंख जंपरला, म्हणजे तारा जोडणाऱ्या छोट्या वायरला लागला, म्हणजे करंटला जमिनीपर्यंत रस्ता मिळाला. लहान पक्ष्याचा पंख तिथपर्यंत पोचतच नाही म्हणून चिमण्या-मैना वाचतात आणि घुबड, गरुड, घारी मरतात. हे तुम्ही काठी हवेत धरून, इथून इथपर्यंत अंतर, असं मापून दाखवलंत. धडक वेगळी आणि शॉक वेगळा, दोन्हीवर उपाय वेगळे, एवढी साधी गोष्ट माझ्या ३४ पानी नोटमध्ये कुठेच नव्हती. धडकेला तारेवर फिरत्या चकत्या लावायच्या, पक्ष्याला तार लांबून दिसावी म्हणून. शॉकला जंपरवर रबरी आवरण घालायचं, बस. खणायची गरजच नाही.

आणि मग घरी आल्यावर तुम्ही त्या वह्या काढल्यात. काका, मला माहीत नाही तुम्हाला त्याची किंमत कळली होती का, बहुतेक कळली होती म्हणूनच जपल्या होत्यात. लाईन कधी ट्रिप झाली, कुठल्या पोलवर, कशामुळे. वारा, फांदी, वानर, पतंगाचा मांजा, आणि मधूनमधून "पक्षी". कुणी मागितलेलं नसताना ३१ वर्षं लिहिलेलं. ऑफिसच्या रजिस्टरला कारण "तात्पुरता बिघाड" एवढंच जायचं, खरं कारण तुमच्या वहीत. आम्ही त्या सगळ्या नोंदी नकाशावर टाकल्या तर काय दिसलं, तर पक्षी सगळ्या लाईनवर मरतच नाहीत, त्याच त्या पोलवर मरतात, ओढ्याकाठचे, टेकाडावरचे, आणि जिथे आजूबाजूला बसायला एक झाड पण नाही असे. तुमच्या हद्दीतले मोजून नऊ पोल. नऊ! सगळ्या जिल्ह्याच्या तारा खाली घ्या म्हणणारी मी, आणि निम्मं काम नऊ खांबांवर होणार होतं. आम्ही सूचना पाठवली ती यावरच, की आधी असे पोल शोधा, तिथे आवरण घाला, आणि वायरमनच्या रिपोर्टमध्ये पक्ष्यासाठी एक वेगळा रकाना ठेवा. पहिल्यांदा असं झालं की समोरच्या इंजिनिअरने माझ्याकडे बघून खर्च किती येईल असं विचारलं, नाहीतर आत्तापर्यंत फक्त बघू म्हणायचे.

पण मला सगळ्यात जास्त ज्याबद्दल थँक्यू म्हणायचंय ते वेगळंच आहे, ती रात्र.

तुम्ही मला मुद्दाम डिसेंबरमध्ये रात्री एक वाजता शेतावर नेलंत. शेतीच्या थ्री फेज विजेची पाळी असते, आठवडा दिवसा आठवडा रात्री, आणि तो रात्रीचा आठवडा होता. कांद्याला पाणी सोडायला एक ताई एकट्या उभ्या होत्या, डोक्याला मफलर, पायात साध्या चपला, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात खोरं. नवरा मागच्या वर्षी साप चावून दोन महिने दवाखान्यात, म्हणून आता त्या. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवताना त्या पायाने आधी आवाज करायच्या, मग बॅटरी मारायच्या, मग पाऊल. दर वाफ्याला तेच. तुम्ही मला काही समजावलं नाहीत, नुसतं बांधावर बसवून ठेवलंत तीन वाजेपर्यंत. परत येताना एवढंच म्हणालात की सोलरबद्दल कुठं बोलायला गेलात तर आधी हे डोळ्यापुढं आणा, मग माळाचं बोला.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना मी कागदावर कितीदा वाचली होती. शेतीच्या फीडरसाठी, म्हणजे शेतीला वीज नेणाऱ्या लाईनसाठी, सबस्टेशनजवळ सोलर उभारायचं म्हणजे शेतकऱ्याला दिवसा वीज मिळेल. २०२३ ला ती २.० म्हणून आली, खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं, ग्रामपंचायतीला तीन वर्षं पाच-पाच लाख. मी त्यात फक्त गायरान जाणार एवढंच वाचत होते. आणि ते जातंयच, त्याची काळजी मला आजही तेवढीच आहे, कारण सातबाऱ्यावर "पडीक" लिहिलं की बघणाऱ्याला ती रिकामी जागा वाटते. तिथे पवन्या, कुसळी अशी गवतं असतात, धनगरांच्या मेंढ्या पावसाळ्याचे चार महिने त्यावर जगतात, लांडगीण तिथेच बीळ करते, खोकड असतं, धाविक पक्षी उघड्यावरच अंडी घालतो, हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्ये हे शिकारी पक्षी येऊन रात्री गवतात उतरतात. आणि सोलरला पर्यावरण मंजुरी लागत नाही, २००६ च्या अधिसूचनेच्या यादीत तो येतच नाही, म्हणजे वनजमीन किंवा अभयारण्य नसेल तर या माळावर कोण राहतं असं विचारायची कुणावर सक्ती नाही. हे बदलायला पाहिजे आणि आम्ही त्यासाठी भांडतोय, भांडत राहणार. पण त्या रात्रीनंतर मी "इथे नको" एवढंच बोलून थांबणं बंद केलं. इथे नको तर कुठे, ते शोधून हातात नकाशा घेऊनच जायचं, नाहीतर त्या ताईंना आपण काय तोंड दाखवणार.

तुमच्या शेजारच्या गावात तेच केलं ना आपण. एका मेगावॅटला साधारण चार-पाच एकर लागतात, सोलर उभारणाऱ्यांना हवे होते पंचवीस एकर, गायरानाचा एकच सलग तुकडा सगळ्यांना सोयीचा. तुम्हीच म्हणालात की सबस्टेशनच्या मागची क्षारपड जमीन बघा, उसाला पाणी देऊन देऊन खराब झालेली, दहा वर्षं तिथे काही पिकलं नाही, मालक भाड्याने द्यायला एका पायावर तयार होतील. लाईन पण आखूड लागणार, म्हणजे खर्च कमी आणि गळती कमी, हा मुद्दा तर मला सुचलाच नसता. ग्रामसभेत तुम्ही उभे राहिलात, मेंढपाळांच्या वतीने ते आजोबा उभे राहिले, आणि तीन तास वादावादी होऊन ठराव झाला. अठरा एकर तिकडे गेले. सात एकर गायरानातच राहिले, त्याचं मला वाईट वाटतं, पण तिथे कुंपण ओढ्यापासून मागे घेतलं आणि मेंढ्यांची वाट मोकळी राहिली. मागच्या महिन्यात त्या वाटेवर लांडग्याचे ताजे ठसे होते, मेंढ्यांच्या खुरांच्या खुणांवरच उमटलेले. फोटो नातीच्या फोनवर पाठवलाय, डोळा बरा झाला की मोठा करून बघा.

काकू, तुम्हाला पण थँक्यू, दर वेळी न सांगता कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिलीत त्याबद्दल, आणि त्या रात्री स्वतःची शाल दिलीत ती अजून माझ्याकडेच आहे.

वह्या सगळ्या स्कॅन झाल्यात, चौदाच्या चौदा. नऊ पोलपैकी चारला आवरण बसलं, पाचचं इस्टिमेट अडकलंय, पाठपुरावा चालू आहे. येत्या रविवारी वह्या परत द्यायला येतेय. आणि एक, १९९३ च्या वहीत ३० सप्टेंबरनंतर बावीस दिवस एकही नोंद नाहीये, पानावर फक्त "किल्लारी" एवढंच लिहिलंय तुमच्या अक्षरात. इतक्या वेळा सोबत चाललो पण त्याबद्दल तुम्ही कधी बोलला नाहीत. सांगावंसं वाटलं तर सांगा, मी संध्याकाळची गाडी धरणार नाहीये, मुक्कामालाच येतेय.

तुमची,
लाईनखालून चालणारी ताई