देवकुंडच्या ओढ्यावर एक माणूस बसवा : वनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
स. न. वि. वि.

मी पुण्यात नोकरी करते आणि गेली १९ वर्षं सुट्टीच्या दिवशी दहा-बारा जणांना घेऊन सह्याद्रीत भटकते. हा माझा धंदा नाही. सोबत असतात शेजारच्या बायका, ऑफिसातल्या मैत्रिणी, त्यांची कॉलेजात जाणारी मुलं. यंदा जुलैत त्यांना देवकुंडच्या धबधब्याला न्यायचं ठरवलं होतं. ते रद्द करावं लागलं आणि ते ज्या तऱ्हेनं रद्द झालं, त्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

देवकुंड रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यात, भिऱ्याच्या मागच्या जंगलात आहे. ताम्हिणी घाट उतरून विळ्याला यायचं, तिथून भिरा. वाट सुरुवातीला धरणाच्या पाण्याकडेनं सपाट जाते, मग रानात शिरते, ओढे ओलांडते आणि शेवटी मोठमोठ्या दगडांतून चढत कुंडापाशी पोचते. जाऊन-येऊन साधारण १२-१३ किलोमीटर. कडा चढायचा नाही, दोर लावायचा नाही. रोज तासभर चालणाऱ्या माणसाला सहज जमेल अशी मध्यम वाट आहे. फसवी आहे ती याच कारणानं. सोपी वाटते म्हणून लोक चपला घालून येतात, लहान मुलांना खांद्यावर घेऊन येतात.

अशा वाटेचं नियोजन मी घड्याळावर करते. पहाटे साडेपाचला चांदणी चौक सोडायचा, साडेआठला भिऱ्यातून चालायला लागायचं, साडेअकराच्या सुमारास कुंड. बारा वाजता पाठ फिरवायची, मग कुंडापाशी पोचलो असू वा नसू. तीनच्या आत गावात जेवायला. एवढी घाई कशासाठी, असं नवीन मंडळी विचारतात. येताना एखादा ओढा चढलेला सापडला, तर तो उतरेपर्यंत अलीकडच्या काठावर बसून राहायला उजेड हाताशी हवा. पाण्याची कडा सोडून आत शिरलं की फोनला रेंज नसते आणि मोठा दवाखाना थेट माणगावला. तेव्हा उजेड हीच शिल्लक.

हे सगळं कागदावर मांडून झालं आणि मग एका साध्या प्रश्नावर अडलं : त्या तारखेला तिथं जायला परवानगी आहे का? दर पावसाळ्यात धबधब्यांवर मनाई आदेश निघतात. पूर्वी कलम १४४ खाली निघत, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. मी तीन कचेऱ्यांत फोन केले. एकीकडे सांगितलं, बंदी आहे. दुसरीकडे सांगितलं, आदेशाची मुदत संपली असावी. तिसरीकडे म्हणाले, पोलिसांना विचारा. शेवटी गावातल्या आमच्या नेहमीच्या वाटाड्याला फोन लावला. तो म्हणाला, "या ताई तुम्ही. पुढून सोडत नाहीत, पण मागनं रानातून वाट आहे, तिकडनं नेतो."

मी बेत तिथंच मोडला. त्याला बोल लावावासा मात्र वाटला नाही. पावसाचे तीन-चार महिने हाच त्याचा हंगाम. वाट दाखवणं, गाड्या लावायला अंगण देणं, आणि त्याच्या घरी होणारी तांदळाची भाकरी नि पिठलं, यावर त्याच्या मुलांच्या शाळेचा खर्च निघतो. बंदी लागली म्हणून पुण्या-मुंबईची गर्दी थांबत नाही. ती नाक्यावरून वळते आणि आडवाटेनं आत जाते. आत किती माणसं गेली, किती बाहेर आली, हे मग कुणालाच ठाऊक नसतं. मागच्या वाटेवर ओढा जास्त वेळा ओलांडावा लागतो, हेही त्यानंच मला सांगितलं.

याच माणसानं काही वर्षांपूर्वी आमचा जीव वाचवला होता. ऑगस्ट महिना होता, आम्ही १४ जण. शेवटच्या ओढ्याशी पोचलो तेव्हा पाऊस नव्हता, पानांतून ऊन उतरत होतं. पाणी गुडघ्याच्या खाली, तळाचे दगड स्वच्छ दिसत होते. कुंड तिथून पंधरा-वीस मिनिटांवर. दोघी तर बूट हातात घेऊन पाण्यात उतरल्याही. तो काठावर उभा राहून नुसता पाण्याकडे बघत होता. मग वाकून त्यानं ओंजळभर पाणी उचललं. त्यात कुजकी पानं आणि बारीक काटक्या होत्या. "माथ्याला लागलाय," एवढंच म्हणाला आणि दोघींना दंडाला धरून बाहेर काढलं. पाच मिनिटांत पाण्याचा रंग चहासारखा झाला. मी ज्या दगडावर नजर ठेवून होते, तो आधी अर्धा बुडाला, मग दिसेनासा झाला. अर्ध्या तासानं तिथं ओढा म्हणावं असं काही उरलं नव्हतं, तांबडा लोंढा होता आणि त्याच्या तळाशी दगड एकमेकांवर आपटल्याचा आवाज येत होता. आमच्या अंगावर अजूनही थेंब पडला नव्हता.

महोदय, या भागाचं सगळं मर्म या एका गोष्टीत आहे. पाऊस पडतो घाटमाथ्यावर आणि माणूस उभा असतो खाली तळात. २०२४ च्या जुलैत ताम्हिणीला २४ तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस झाला. असलं पाणी कड्यावरून खाली यायला फार वेळ घेत नाही. त्याच वर्षी ३० जूनला लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना धरून उभे होते आणि वाहून गेले. ते दृश्य अख्ख्या महाराष्ट्रानं पाहिलं. २०२५ च्या जूनमध्ये कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीनं कोसळला, चार माणसं गेली. पूल धोक्याचा असल्याचा फलक तिथं होता. फलकानं गर्दी थांबली नाही.

म्हणून माझं मागणं आहे ते माणसाचं. देवकुंडच्या वाटेवर, जिथं शेवटचा ओढा लागतो तिथं, पावसाळाभर गावातला एक जाणता माणूस बसवा. त्याच्या हातात वायरलेस द्या आणि घाटमाथ्यावरच्या पावसाचे आकडे त्याला तासातासाला कळतील अशी सोय करा. त्यानं हात वर केला की वाट बंद, मग समोर कुणाचीही शिफारस असो. माथ्यावर किती पाऊस झाला की वाट बंद करायची, तो आकडा जाणकारांकडून ठरवून घ्या आणि जाहीर करा. वाट आज उघडी आहे की बंद, हे आदल्या संध्याकाळी सगळ्यांना दिसेल असं एकच ठिकाण ठेवा. माझ्यासारखीला तीन फोन करावे लागू नयेत.

दिवसाला किती माणसं सोडायची याची मर्यादा घाला. हे आपल्या राज्यात नवीन नाही. कास पठारावर दिवसाला ३,००० जणांची मर्यादा आणि ऑनलाइन नोंदणी तुमच्याच खात्यानं आणली, आणि तिथली व्यवस्था आजूबाजूच्या गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्या सांभाळतात. प्रवेश शुल्कातून गावच्या पोरांना हंगामभर काम मिळतं. फुलांसाठी जे जमलं ते माणसांच्या जिवासाठी का जमू नये? अर्थात देवकुंडला ३,००० हा आकडा फारच झाला, ती वाट अरुंद आहे आणि कुंडाशी उभं राहायला जागा थोडी. प्रत्येक गटाबरोबर गावचा वाटाड्या सक्तीचा करा. त्याला प्रथमोपचाराचं आणि दोर टाकण्याचं शिक्षण द्या. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांची मुलं वर्षानुवर्षं दऱ्यांत उतरून लोकांना वर काढत आली आहेत. त्यांना शिकवायला बोलावलं तर ते नक्की येतील असं मला वाटतं.

आणि परतीची मोजणी. हे छोटं काम आहे, पण ते कुठंच नीट होताना मी पाहिलेलं नाही. सकाळी नावं लिहून घेतली तर संध्याकाळी त्या नावांवर खूण झालीच पाहिजे. एक जण कमी भरला तर ते अंधार पडायच्या आत कळायला हवं, दुसऱ्या दिवशी घरच्यांच्या फोनवरून नव्हे.

मी सरसकट मोकळीक मागत नाही. जुलैतले कित्येक दिवस ही वाट बंदच असायला हवी, आणि त्या दिवशी मी घरी बसेन. पण जून ते सप्टेंबर एका कागदानं सगळं बंद ठेवलं, तर पाण्याचा रंग ओळखणारा माणूसच चोरवाटेला लागतो आणि ओढ्यावर लक्ष ठेवायला कुणी उरत नाही.

येत्या मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, भिऱ्यातच एक बैठक लावावी अशी विनंती आहे. वनखातं, जिल्हा प्रशासन, पोलीस, ग्रामपंचायत, वाटाडे आणि आमच्यासारखे भटके, सगळे एका ठिकाणी. बैठक झाली की सगळ्यांनी मिळून त्या शेवटच्या ओढ्यापर्यंत चालत जाऊ. मे महिन्यात तो कोरडा असतो. दगडावर पाण्याची खूण कुठवर आहे, ते तेव्हा हातानं दाखवता येतं.

आपली नम्र,
पुण्याची एक भटकी